साडूभाऊंनी न तपासलेलं घर

आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात एकच गोष्ट न तपासता घेतली, आणि ती त्यांना मी विकली.

एसटीच्या वर्कशॉपात हयात गेलेला हा माणूस. कशावर विश्वास ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी हलगर्जीपणा. नांदुऱ्यात चप्पल घ्यायची तर ती घालून स्टेशनापर्यंत जाऊन येत. दुकानदार मागून चालत असे. टरबुजाची पहिली फोड विकणाऱ्यालाच खायला लावत आणि त्याचा चेहरा निरखत. एकदा गादी घ्यायला गेले ते दुकानातच तासभर घोरले. मालकाने हलवून उठवलं तेव्हा म्हणाले, "गादी चांगली हाये. उठूच वाटत नोतं."

ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, उन्हाळा सोसत नाही. लागोपाठ दोन मे महिने त्यांना सलाइन लावावं लागलं. म्हणून साडूभाऊ वडनेर सोडून घाटावरच्या, जरा गार हवेच्या चिखलीत घर बघू लागले, आणि मी ज्या बिल्डरकडे विक्री सांभाळतो त्याच्या वसाहतीत आले. भिंती ठोकल्या, नळ सोडले, मोरीत बादली ओतून पाहिली. मग ऑफिसात लावलेल्या ग्रीन बिल्डिंगच्या प्रमाणपत्रासमोर थबकले. शेजारच्या तशाच घरांपेक्षा आमचा दर चढा होता, तो त्या कागदामुळेच.

"हे इंग्रजी मले समजत नाही," ते म्हणाले. "कागद हाये म्हणजे घर थंडं राहीन ना? तुमच्या ताईसाठी इचारून राह्यलो."

"हो," मी म्हणालो.

"मंग झालं. तुम्ही सांगतलं म्हणजे पाहाचं काम नाही."

तो कागद नुसत्या नकाशाला मिळालेला होता. बांधकामानंतर पुन्हा तपासणी झाली असती, तरच तो पक्का ठरला असता. छतावरचा ऊन अडवणारा थर बिल्डरने, म्हणजे आमच्या मालकाने, गाळला आणि तपासणी बोलावलीच नाही. हे मला त्या दिवशी माहीत होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पण त्यांनी विचारलं होतंच.

यंदा ताई दुपारभर विहारात जाऊन बसतात, तिथली फरशी गार आहे. मागच्या रविवारी एका शिक्षिकेला शेजारचं घर दाखवायला नेलं, तर तिने थेट साडूभाऊंनाच गाठलं.

"घर तापते मॅडम. कागदावर जाऊ नका," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "याईलेही मालकानं फसवलं. आपला माणूस हाये. माहीत असतं त मले सांगतलं असतं."

निघताना त्यांनी स्वतःचा दुपट्टा माझ्या डोक्याला गुंडाळला, ऊन फार आहे म्हणाले. तो परत द्यायला जायचं आहे. अजून गेलो नाही.