हाराचे फोटो

सोनपेठला आमचं फोटो-झेरॉक्सचं दुकान आहे. फोटो आमचे हे काढतात, कॉम्प्युटरवर मी बसते. कॉम्प्युटर असा, की सकाळी चालू करून मी झाडून काढायची, अगरबत्ती लावायची, चहा घ्यायची, तरी त्याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच. शेवटी यांनी परभणीहून एसएसडी आणली, झटपट चालणारी नवी डिस्क, तळहातावर मावेल एवढी. "विंडोज हिच्यावर घे, बास," म्हणाले आणि एका बारशाचे फोटो काढायला निघून गेले. गळ्यात कॅमेरा अडकवला की या माणसाला घरदार दिसत नाही.

मी मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि त्यात दाखवतील तसं करत गेले. दुपारी जुनी हार्डडिस्क काढली, नवी जोडली, बटण दाबलं. चहाचं नाव काढायच्या आत स्क्रीन हजर! तोच गणपती, तेच फोल्डर. म्हटलं, जिंकलं बाई.

तेवढ्यात चाळिशीचा एक माणूस आला. डोळे सुजलेले.

"बाई, काल माय गेली. तिचा फोटो हाय म्हणं तुमच्यापाशी. जाताना सांगून गेली. घरात तर एकबी न्हाई."

आमच्याकडं म्हातारी माणसं जिवंतपणीच येऊन आपला हाराचा फोटो काढून ठेवतात. म्हणजे आपल्यामागं भिंतीवर लावून हार घालायचा तो. पण घरी नेत नाहीत. असला फोटो घरात ठेवला की यम पत्ता विचारत येतो म्हणे. म्हणून ते दुकानातच राहतात, 'राखीव' नावाच्या फोल्डरात. लग्नामुंजीचे फोटो आम्ही दोन-दोन ठिकाणी कॉपी करून ठेवतो. राखीवची कॉपी मात्र कधी केली नाही. एकाच माणसाचं मरण दोनदा कशाला मागायचं? हसू नका, तुम्हीही केली नसती. मी तर तो फोल्डर कधी उघडलाही नव्हता, ते सगळं हेच बघायचे.

म्हातारी मला चांगली आठवत होती. जावेचं नवंकोरं लुगडं नेसून आली होती. "आधारवर मी चोरावानी दिसायले, ह्यात तरी बरी दिसू दे रे बाबा," असं यांना बजावत होती.

"बसा दादा," म्हटलं आणि राखीववर क्लिक केलं. उघडेना. पुन्हा केलं. असा फोल्डर नाही, असं कॉम्प्युटर सांगायला लागला. मग बघते तर डी ड्राइव्हच गायब! तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी फक्त विंडोज उचलून नेली होती, म्हणजे नुसता सी; फोटो सगळे डीवर. बिऱ्हाड हलवलं आणि देव्हारा जुन्या घरात विसरले.

मनाला समजावलं, जुनी डिस्क तर इथंच आहे, भ्यायचं काय? ती पुन्हा जोडली. आतून कट-कट, कट-कट आवाज यायला लागला, आणि स्क्रीनवर पाटी आली की ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसा! चुकून एंटर दाबलं जाईल म्हणून मी कीबोर्डच उचलून झेरॉक्स मशीनवर नेऊन ठेवला.

"सापडंना का, बाई?"

"सापडतो की. मशीन जुनं आहे." धडधडीत खोटं बोलले.

"तीनच्या गाडीनं जायचंय. उद्या राख सावडायची हाय. फोटो न्हाई तर निवद कुणाला दाखवू?"

मी बाहेर जाऊन यांना फोन लावला. "अहो, राखीव गेलं." एरवी फोनवर माझ्यावर खेकसणारा माणूस! आज हळूच म्हणाले, "कशाला हात लावू नको. आलो."

बारसं अर्धं टाकून आले. डिस्क सोडवली, वायर बदलली, पुन्हा जोडली. कट-कट थांबली आणि डी दिसला. "अगं बाई गं," म्हणून मी देवाला हात जोडले. वायर सैल होती मेली! म्हातारीचा फोटो निघाला. पोरानं प्रिंट हातात घेतली, म्हणाला, "माय हसायलीय," आणि लहान लेकरासारखा रडला. गाडी मात्र मिळाली त्याला.

"बाकीचं मी आल्यावर बघतो. तू उघडू नको," असं मला दोनदा सांगून हे परत बारशाला गेले.

पण भीती जाते का अशी? एक निघाला, बाकीचे खराब झाले असले तर? उद्या दुसरं कुणी दारात येऊन उभं राहिलं तर? मी सगळं राखीव नव्या डिस्कवर कॉपी केलं, यमाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मग एकेक फोटो उघडून बघायला लागले. पटकेवाले, नथवाल्या, चष्म्यातले आजोबा. सगळे शाबूत होते.

शेवटचा आमच्या यांचा.

तेल लावून बसवलेले केस. अंगात शर्ट यंदाच्या दिवाळीत घेतलेला. दिवाळीनंतर हे दोनदा एकटेच नांदेडला जाऊन आले होते. कॅमेरा दुरुस्तीला दिलाय म्हणाले होते. कॅमेरा तर दोन्ही वेळा दुकानातच होता, मीच पुसून ठेवला होता. नांदेडला आमच्याकडची माणसं जातात ती मोठ्या दवाखान्यात. दुपारपासून एकही फोटो जाऊ नये म्हणून देवाला हात जोडणारी मी, आता हा एक तेवढा जावा म्हणून जोडत होते.

दिवस मावळायला हे आले. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी होती. मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवला.

"नांदेडला कशाला गेला होतात?"

त्यांनी पुडी ठेवली, शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्यासमोर येऊन बसले.