मागच्या दोन पेट्या

"चूप! आता मागून व्हायोलिनं येतील," वकीलसाहेब बोट वर करून म्हणाले. डॉक्टरसाहेबांनी डोळे मिटले. मी मात्र मागच्या स्पीकरपेट्यांच्या अँप्लिफायरकडे पाहत होतो. त्याचा लाल दिवा विझला होता.

दिवा विझला म्हणजे फ्यूज उडाला. फ्यूज उडाला म्हणजे मागच्या दोन्ही पेट्या मुक्या. मग मागून व्हायोलिनं येणार कुठून?

"आली!" वकीलसाहेब ओरडले. "ऐकलंत डॉक्टर? अगदी कानामागं!"

माझं शिक्षण चौथी पास. महाल भागात रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत चूल. मी काम करत बसलो की बायको, कुसुम, मागूनच बोलायची.

वकीलसाहेब धरमपेठेतले जुने गिऱ्हाईक. त्यांना रेकॉर्डी जमवायचा नाद. लाखेच्या जुन्या रेकॉर्डींच्या तीन ट्रंका होत्या. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावलं की लाख विरघळते अन् गाणं जातं. रिठ्याच्या पाण्यात, मऊ फडक्यानं, लेबल न भिजवता धुवावी लागते. ते काम कुसुमचं. धुतली की प्रत्येक रेकॉर्ड लावून पाहायची. म्हणे, "मळ गेला का नाही ते पाह्यतो." मळ जायला तिला तीन-तीनदा ऐकावं लागायचं. पोळ्या करपायच्या त्या वेगळ्या.

मग आलं चार पेट्यांचं खूळ. तोवर स्टिरिओ होता, म्हणजे समोर दोन पेट्या. आता आणखी दोन पाठीमागं. हॉलच्या मधोमध बसल्यासारखं वाटतं म्हणे. पण कंपन्यांचं आपसात जमेना. एक कंपनी चारही आवाज दोनात कालवायची अन् ते वेगळे करायला एक डबा विकायची. डॉक्टरसाहेब या पार्टीचे. दुसरी कंपनी मागचा आवाज इतक्या बारीक सुरात भरायची की माणसाच्या कानाला तो लागतच नाही. तो उचलायला खास सुई अन् त्यांचाच डबा. वकीलसाहेब त्या पार्टीचे. याची रेकॉर्ड त्याच्या डब्यात उलगडत नाही. विलायतेत कंपन्या भांडल्या अन् इकडे धरमपेठेत दोन मित्रांचा चहा बंद झाला.

"खिचडी शिजवायची अन् मग डाळ-तांदूळ निवडायचे, असं यांचं मशीन," वकीलसाहेब म्हणायचे.

"अन् यांचं संगीत कुत्र्यासाठी. माणसाला ऐकूच येत नाही," डॉक्टरसाहेब म्हणायचे.

शेवटी ठरलं, एका रविवारी वकीलसाहेबांच्या घरी मी दोन्ही रेकॉर्डी लावायच्या. जी जिंकेल तीच दोघांनी जमवायची. अन् जागा पाहिजे म्हणून लाखेच्या तिन्ही ट्रंका इतवारीतल्या भंगारवाल्याकडे. "नुसती खरखर आहे त्यात, मिस्त्री," वकीलसाहेब मला म्हणाले.

मी घरी सांगितलं. कुसुमचा कणकीतला हात थांबला.

"भंगारात? काहून?"

"साहेब नवं घेऊन राहिले वं."

"मग ते नवं काय हाये, मलेही आयकू द्या."

धुतलेल्या रेकॉर्डींची पिशवी पोचवायच्या निमित्तानं ती माझ्यासोबत आली अन् दारापाशी बसली.

मे महिना. सोफ्याच्या मागं खिडकीत भला मोठा कूलर. वाळ्याच्या ताट्या, त्यावर टपटपणारं पाणी अन् घरघरणारा पंखा. तो सुरू केला तेव्हा व्होल्टेज हललं, त्यातच माझा फ्यूज गेला असेल. चूक माझी. रेकॉर्ड लावायच्या आधी दिवा पाहायला पाहिजे होता.

"साहेब, जरा..." मी तोंड उघडलं.

"मिस्त्री, मध्ये बोलू नका."

वकीलसाहेबांची रेकॉर्ड संपली. डॉक्टरसाहेबांची लावली.

"वा!" डॉक्टरसाहेब म्हणाले. "हॉल कसा जाणवतो पाहा. हवा अंगावर आल्यासारखी वाटते."

"माझ्या रेकॉर्डीत मागं कारंजं होतं," वकीलसाहेब म्हणाले. "थेंब न् थेंब मोजता येत होता."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "साहेब, हवा तर अंगावर येऊनच राहिली. तो कूलर बंद करा न जरा."

वकीलसाहेब हसले. "करा हो मिस्त्री. बाईंचंही समाधान होऊ द्या."

मी बटण दाबलं. पंखा मंदावत थांबला. थेंब थांबले. मागचा हॉलही गेला, कारंजंही गेलं. बँड सगळा समोर.

"मागचं कुठं गेलं?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"मागचं नव्हतंच साहेब. फ्यूज उडाला आहे. पाऊण तास तुम्ही दोघं कूलर ऐकून राहिले."

वकीलसाहेब लाल झाले. "मग बदला ना फ्यूज!"

बदलला. तरी त्यांच्या रेकॉर्डीत मागून काही येईना. खास सुई येईपर्यंत त्यांनी ती जुन्या जड सुईवर वाजवली होती. त्या सुईनं मागचा बारीक सूर खरवडून काढला होता. डॉक्टरसाहेबांच्या रेकॉर्डीचा आवाज चारही कोपऱ्यांतून आला, पण तोच.

"चार जावा अन् गाऱ्हाणं एकच," कुसुम म्हणाली. मग पिशवीतून एक लाखेची काढून तिनं माझ्या हातात दिली. "आता हे लावा. पाण्याबिगर आयकू द्या सायबाले."

जुन्या मशीनवर, एकाच पेटीवर लावली. कोण्या बाईचा खयाल होता. खरखर होतीच. पण त्या बाईनं सम गाठण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. घामानं तिघांचे सदरे भिजले. रेकॉर्ड संपेपर्यंत कोणीही कूलर लावा म्हटलं नाही.

ट्रंका इतवारीला गेल्या नाहीत. मला मात्र वर्षभर धरमपेठेतून बोलावणं आलं नाही. रेकॉर्डी धुवायला ड्रायव्हरच्या हाती यायच्या, कुसुमच्या नावानं. चार पेट्यांच्या दोन्ही पार्ट्या पुढं काही वर्षांतच मातीत गेल्या. आता म्हणतात चकाकती, तळहाताएवढी तबकडी आली, तिच्यात खरखर अजिबात नाही. असेल. माझ्या धंद्यानं मला एवढंच शिकवलं, की गिऱ्हाईकाला मागून काही ऐकू आलं तर आधी कूलर बंद करून पाहा.

कुसुम गेली त्याला हा दुसरा उन्हाळा. वकीलसाहेबांच्या मुलानं ट्रंका माझ्याकडं आणून टाकल्या. दुपारी कूलर बंद करतो अन् एखादी लावतो. मागून, चुलीकडून, काही येत नाही. मशीनचा दिवा पाहिला, लागला आहे. फ्यूज शाबूत आहे.