प्रार्थनेसाठी एक नाव

मिनेसोटातल्या आमच्या गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कोरीन हॅल्वर्सन आणि मी अकरा वर्षं एकाच ओव्हनपाशी उभ्या आहोत. तिच्या तोंडून मी तक्रार अशी ऐकली नाही. ती नुसती दमते. बटाट्यांचा जड ट्रे बाहेर काढताना उसासा टाकते, आणि तो ट्रेसाठी नसतो हे मला ठाऊक असतं.

तो असतो व्हर्ना आत्यासाठी. कोरीनच्या नवऱ्याची, डेलची, ही आत्या. डेलची आई लवकर गेली आणि त्याला हिनंच वाढवलं, त्यामुळे हिला कोणी काही बोलायचं नाही असा त्या घरातला कायदा. कोरीननं फेसबुकवर ब्रिटाचा, म्हणजे बारा वर्षांच्या लेकीचा फोटो टाकला, की खाली आत्या हजर. 'फ्रॉक वेगळाच आहे हं.' आमच्याकडे 'वेगळाच' म्हणजे भिकार, हे शेंबडं पोरही जाणतं. 'गाल बघा हिचे. आमच्या बाजूला असं कोणी नव्हतं.'

डेलला सांगावं तर तो म्हणे, "अगं, म्हातारी आहे ती. मनावर घेऊ नकोस." हे मनावर न घेण्याचं काम दरवेळी बायकोकडेच कसं येतं, ते मी त्याला एकदा विचारणार आहे.

कोरीन गुपचूप तो मजकूर काढून टाकायची. आत्याला वाटायचं, फोन बिघडला. मग ती तेच पुन्हा लिहायची, दोनदा, आणि वर फोन करून वाचून दाखवायची.

मार्चमध्ये आत्यानं कहर केला. आमच्या चर्चच्या फेसबुक पानावर लोक आजाऱ्यांसाठी प्रार्थना मागतात. कोणाचा गुडघा, कोणाचं हृदय. तिथे तिनं लिहिलं, 'आमच्या ब्रिटाचं वजन उतरावं म्हणून प्रार्थना करा.' बेचाळीस जणांनी हात जोडले. त्यात ब्रिटाच्या गणिताच्या बाईही होत्या.

सोमवारी जेवणाच्या रांगेत ब्रिटा आमच्यासमोर आली, नुसतं दुधाचं खोकं उचललं आणि पुढे गेली. मंगळवारी तेच. बुधवारी कोरीन मला हळूच म्हणाली, "लोकांच्या पोरांना वाढतेय गं मी. माझी उपाशी जातेय."

मला आत्याची खिडकी फोडावीशी वाटली. शाळा सुटल्यावर कोरीननं गाडी तिच्याकडेच घेतली, मीही बसले. आत्यानं कॉफी ओतली, लिंबाच्या वड्या पुढे केल्या.

"आत्या, ब्रिटा तीन दिवस शाळेत जेवली नाही."

"बघ, प्रार्थनेला गुण आला," आत्या म्हणाली.

कोरीन रागावली नाही. तेवढी ताकदच उरली नव्हती. "तिनं वाचलंय ते. तिच्या सगळ्या वर्गानं वाचलंय. देवाला सांगायचं तर देवाला सांगा हो. गावाला नका सांगू."

आत्यानं चमचा खाली ठेवला. "वाईट हेतू नव्हता गं माझा."

"माहितीये. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले."

आत्यानं फोन पुढे सरकवला. "तूच काढ. मला येत नाही."

घरी काय झालं, ते कोरीननं दुसऱ्या दिवशी हातमोजे चढवता चढवता सांगितलं. तिनं ब्रिटाला म्हटलं, "काढलं गं ते."

"बरं," ब्रिटा म्हणाली. "आता माझे फोटो पण काढून टाकशील? सगळे?"

"का गं? छान आहेत की. तुला आवडत नाहीत?"

"तू मला कधी विचारलंस?"

कोरीननं दुसरा हातमोजा चढवला.

"चारशे अकरा होते," ती म्हणाली. "एकेक करून काढून टाकले. आत्याच्या नावानं खडे फोडत होते मी, पण त्यातला एकही तिनं टाकलेला नव्हता."