येडीचा पोट्टा

देवमनची मुलगी चार वर्षांची झाली आणि भिंतीशी बोलायला लागली. दुपारचं जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून बसायची, कोणाला तरी वाढायची, कोणावर तरी रागवायची, मधेच खुदकन हसायची. तिची आई मैना काम करता करता ऐकायची आणि तीही हसायची. देवमनला मात्र घाम फुटायचा.

"हे कोणासंग बोलून राह्यली?"

"लेकरं बोलतातच. माही बहीण तं चुलीसंग बोलत जाय. तुमी कावून भेता?"

का, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

देवमन अकोल्याला एसटीच्या वर्कशॉपात फिटर होता. तो अमरावतीच्या एका अनाथाश्रमात वाढला, हे मैनाला लग्नाआधीच ठाऊक होतं. आईबाप कॉलऱ्यात गेले, असं तो सांगायचा. खरं काय ते त्यालाही माहीत नव्हतं. आश्रमात गंगूबाई म्हणून स्वयंपाकीण होती. चिडली की ती देवमनला म्हणायची, "गप बस, येडीच्या पोट्ट्या! तुही माय फाटकापाशी बोंबलत होती, म्या माह्या डोयानं पाह्यली. तुह्यातबी थे उतरनच एक दिवस."

तेव्हापासून तो स्वतःवर पहारा ठेवून जगला. भांडला नाही, मोठ्यानं हसला नाही, एकटा असताना गुणगुणलासुद्धा नाही. वर्कशॉपातले लोक त्याला देवमाणूस म्हणत. आता त्याला वाटू लागलं, आपल्यात उतरलं नाही ते पोरीत उतरलं.

मैनाच्या नकळत त्यानं पोरीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं सहज विचारलं, "घराण्यात कोणाला मानसिक काही?" देवमन पोरीला उचलून औषध न घेताच बाहेर पडला.

हे १९६४ सालचं. पुढच्या आठवड्यात ड्युटीवर जातो म्हणून तो घरून निघाला आणि मूर्तिजापूरमार्गे अमरावतीच्या गाडीत बसला. आश्रमाचं लोखंडी फाटक उघडंच होतं. त्याला आत पाऊल टाकवेना. तीस वर्षांचा बाप्या माणूस, पण वाटत होतं की आत गेलो आणि मागून फाटक लागलं तर? समोरच्या टपरीवर तो बराच वेळ नुसता बसला, चहा गार झाला.

शेवटी गेला. अधीक्षकांनी मान वर न करता सांगितलं, "इथल्या मुलांचे कागद मुलांना दाखवत नाहीत."

"मी मूल नाही, साहेब."

"इथून गेलात ना? मग दप्तरात मूलच."

तो परतला. पण भीती घरी बसू देईना. पुन्हा गेला, पुन्हा तेच ऐकून आला. तिसऱ्या खेपेला अधीक्षक कलेक्टर कचेरीत गेलेले होते. केशवराव नावाच्या म्हाताऱ्या कारकुनानं त्याला पाहिलं, दार लोटलं आणि फडताळातून एक फाईल काढली. सगळं इंग्रजीत होतं. केशवराव आधी मनात वाचत, मग सांगत. मधल्या त्या गप्प वेळात देवमन त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत उभा होता. त्यानं टेबलाची कड धरली होती.

"आई सुंदराबाई. राहणार वलगाव. विधवा, मोलमजुरी. ताप येऊन दवाखान्यात भरती. मुलगा बुधा, वय चार. सांभाळायला कोणी नाही म्हणून दवाखान्यानं इथं पाठवला. इथं आणखी एक बुधा होता, म्हणून तुमचं नाव देवमन ठेवलं."

"मग मेली का ते?"

"नाही. बरी झाली. महिन्यानं तुम्हाला न्यायला आली." केशवरावांनी पान उलटलं. "दोन प्रतिष्ठित माणसांची हमी आण म्हणून परत पाठवली. पुन्हा आली. फाटकाशी बसून आरडाओरडा केला. त्याखाली लिहिलंय, डोकं ठिकाणावर नाही, मुलगा देऊ नये."

"म्हणजे येडीच होती."

केशवरावांनी कागद पुढंमागं केले. "डॉक्टरचं काही नाही इथं. कोण्या डॉक्टरनं तिला पाहिलंच नाही, भाऊ. तेव्हाच्या साहेबांनी आपलं लिहून टाकलं. त्यानंतरही आली. चार वर्षं येत होती. मग पोलिस बोलावल्याची नोंद आहे. मग काही नाही."

देवमनला मोकळं वाटायला हवं होतं. उलट नवी भीती छातीवर बसली. ती जिवंत असेल तर? इतकी वर्षं आपण तिला वेडी समजलो, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

तो तसाच वलगावला गेला. एका माणसानं वस्तीतलं शेवटचं घर दाखवलं. अंगणात एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. देवमनच्या अंगावर एसटीचे खाकी कपडे होते. ते पाहताच ती उठली, हातातलं सूप पडलं, आत गेली आणि कडी लावली.

"म्या काही केलं नाही," ती आतून म्हणाली. "म्या येत नाही आता फाटकापाशी."

देवमन दारापाशी गेला. "माय, मी पुलिस नाही. आश्रमातून आलो."

मग आवाज आला, दाराच्या अगदी जवळून.

"थो कसा हाये? जेवते का? कोरडी भाकर त्याच्या घशाखाली उतरत नाही."

देवमन दारासमोर खाली बसला. "जेवते माय. चांगला जेवते."

"मंग त्याले आनलं कावून नाही?"

"आनलं," तो म्हणाला. "मीच थो. बुधा."

कडी निघाली. तिनं फटीतून पाहिलं. तिचं लेकरू चार वर्षांचं होतं, आणि समोर मिशीवाला माणूस बसून रडत होता. तिनं दार पुन्हा लावून घेतलं.

त्या दिवशी तिचा विश्वास बसला नाही. देवमननं अकोल्याला येऊन मैनाला सगळं सांगितलं. मैना भडकली. "इतके दिस एकटेच भेत राह्यले? मले सांगाले काय झालं होतं?" पुढच्या रविवारी पोरीला कडेवर घेऊन तीच पुढं वलगावला निघाली. पोरगी उघड्या दारातून सरळ आत गेली आणि म्हातारीला पाणी मागू लागली. सुंदराबाई तिच्याकडे बघत राहिली. मग पोरीचा चेहरा ओंजळीत धरून म्हणाली, "हे तं माहंच लेकरू होय."

पावसाळ्यानंतर ती अकोल्याला राहायला आली. पहिले काही महिने बाजाराच्या गर्दीत ती देवमनच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरून चालायची. लोक वळून पाहत. तो बाही सोडवून घेत नसे.