शेवटच्या यादीतला डोळा

"शिकायला हेच डोळे बरे. तक्रार करायला येत नाहीत."

मोठे सर हे माझ्या कानाशी बोलले. टेबलावरच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. भूल डोळ्याला दिलेली होती, कानाला नव्हे.

बाईचा डोळा उघडा होता. आतला मोतीबिंदू मी नुकताच काढला होता आणि त्याच्या मागोमाग डोळ्यातला जेलीसारखा रस बाहेर आला होता. असं होतं कधीकधी. झालं तर थांबायचं असतं. तो रस कापसाच्या बारीक बोळ्यावर उचलून, कात्रीनं कापून, जखम साफ करून मगच टाके घालायचे. पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो, "सर, पाच मिनिटं द्या."

सरांनी घड्याळ बघितलं. "शेवटच्या यादीतली आहे ना? पट्टी बांधा. पुढचा घ्या."

मी रस साफ न करताच टाके घातले, पट्टी बांधली. पुढचा घेतला.

तीस वर्षं झाली. ही गोष्ट मी बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. विहारात सांगितली, शाळांच्या गॅदरिंगला सांगितली. लोक टाळ्या वाजवतात. पण मी ती दरवेळी दुसऱ्या दिवसापासून सुरू करतो. पहिला दिवस बायकोलाही सांगितलेला नाही. आज सांगतो.

मी तेव्हा डोळ्यांच्या विभागात निवासी डॉक्टर होतो, शेवटच्या वर्षाला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. नाव लागलेलं नव्हतं. ठरावानंतर जिल्ह्यात जी जाळपोळ झाली त्यात आमच्या बोरीच्या घराचं छप्पर गेलं होतं आणि बाप त्या दिवसापासून माणसांत बोलायचा बंद झाला होता. मला डोळ्याच्या पडद्याचं काम शिकायचं होतं. मराठवाड्यात तेव्हा पडद्याचा डॉक्टर नव्हता म्हटलं तरी चालेल. मुंबईचा एक ट्रस्ट दोन वर्षांची फेलोशिप द्यायचा. जागा एक. उमेदवार तीन. निवडीची त्यांची पद्धत अशी, की वर्षाचं मोतीबिंदू शिबिर मानवतला व्हायचं, तिथं उमेदवारांनी दोन दिवस हात दाखवायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत. ट्रस्टचे मोठे सर स्वतः बघायचे. नावाजलेले सर्जन. अत्तर लावून ऑपरेशनला यायचे. तासाला किती मोतीबिंदू काढले याच्यावर त्यांची माणसाबद्दलची मतं ठरायची.

शिबिर जिनिंगवाल्या एका शेठच्या खर्चानं चालायचं. शाळेच्या खोल्यांत पेशंट, एका खोलीत ऑपरेशनची चार टेबलं, मागं शेठची जिनिंग. पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आलं, की काही केसपेपरांच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण आहे. पेपर लिहायला एक मास्तर बसले होते. त्यांना विचारलं.

"ते शेवटी घ्यायचे, साहेब," मास्तर म्हणाले. "त्यांची झोपायची सोय तिकडं सरकीच्या शेडात हाय. पंगत बी मागून. शेठचा नेमच हाय तसा. लय धार्मिक मानूस."

मला खूण कळली. कळायला काय लागतं? जन्मभर तीच वाचत आलो होतो.

शेठ मला भेटले तेव्हा आडनाव विचारलं. आमचं आडनाव दोन्हीकडं चालतं. मराठ्यांत आहे, आमच्यात आहे. शेठ खूश झाले. "बोरीचे का? मंग पाटलाच्या भावकीतले असताल."

मी हसलो. हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. माणूस खोटं न बोलता किती खोटं बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. दुपारी पहिल्या पंगतीत बसलो. शेठनं स्वतः वाढलं. "घ्या डॉक्टर, लाजता काय? आपलंच घर हाय." मी घेतलं. शिरा दोनदा घेतला.

खोल्यांतले पेशंट सर आणि त्यांचे मदतनीस करायचे. दिवस कलला, हात थकले, उकळून उकळून हत्यारांची धार गेली, की लाल खुणेचे पेपर यायचे. ते आम्हा तिघा उमेदवारांचे. ही होती आमची परीक्षा. सर मागं हात बांधून फिरायचे आणि घड्याळ बघायचे.

माझा चौथा पेपर. बाई, वय साठच्या पुढं, उजवा डोळा. माझ्या तोंडाला मास्क. मी म्हणालो, "खाली बघा, बाई. पायाकडं."

टेबलावरची बाई हळूच म्हणाली, "शांताचा लेक न्हवं का तू?"

कौसाबाई. आमच्या वस्तीतली, माझ्या चुलत चुलत्याची बायको. काकू म्हणायचो मी तिला. माझी आई मळणीयंत्रावर हात गमावून दवाखान्यात पडली होती तेव्हा दोन महिने मी कौसाकाकूच्या चुलीवर जेवलो होतो. मास्क होता, डोळ्यात मोतीबिंदू होता, तरी तिनं आवाज ओळखला.

"बोल की रं. शांताचाच हायस न्हवं? मला मनले शिकाऊ डाक्टर करनार, म्या लय भ्यायले होते. तू हायस मनल्यावर..."

सर माझ्या मागं उभे होते.

मी म्हणालो, "गप पडा, बाई. हलू नका. मी ओळखत नाही तुम्हाला."

ती गप पडली. पण अंग आखडलं तिचं. पापणी आवळून धरली तिनं, डोळ्यावर दाब आला. मी थांबायला हवं होतं. मी घड्याळाकडं बघितलं, सरांच्या. मोतीबिंदू ओढला. पुढचं वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी शेडकडं फिरकलो नाही. पट्ट्या बदलायला दुसऱ्या उमेदवाराला पाठवलं. तो सरांच्या मित्राचा मुलगा. नाक दाबत परत आला. "काय वास आहे रे त्या शेडला, सरकीचा की माणसांचा कोण जाणे!" मी हसलो. त्या तीन दिवसांत मी खूप हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत. शेठच्या गादीवर, पांढऱ्या चादरीवर तिघं बसलेले. मध्ये सर. एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला ट्रस्टचे सचिव, कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले साहेब. मला समोर खुर्ची. चांदीच्या वाटीत लवंग-वेलची. सर वेलची सोलत होते. मन लावून सोलत होते. मोतीबिंदू काढताना त्यांना मी एवढं मन लावताना बघितलं नव्हतं.

सचिव म्हणाले, "आमच्याकडे कोटाबिटा नाही, डॉक्टर. आम्ही गुणवत्ता बघतो. तुमच्या कॉलेजातून त्या लोकांचे दोन अर्ज आले होते. बोलावलंच नाही. आडनावावरून कळतं आपल्याला."

कळतं म्हणे! त्या लोकांचा तिसरा अर्ज त्यांच्या मांडीवर होता.

शेठ म्हणाले, "ह्यांचं काय बगायचं? बोरीचे हायेत, घरचे हायेत. तिकडं ते नामांतरवाले लय माजलेत म्हनतेत, खरं का?"

सरांनी वेलची तोंडात टाकली. "स्वतःचं नाव लिहिता येत नाही आणि विद्यापीठाला नाव द्यायला निघालेत."

तिघं हसले. मीही हसलो. होय, तिथंही हसलो. बापाचं बंद झालेलं तोंड डोळ्यांसमोर असताना हसलो. फेलोशिप हातभरावर होती. दोन वर्षं मुंबई, मग पडद्याचा पहिला डॉक्टर म्हणून परत येणार. एकदा मिळू दे, मग बघू, असं मी स्वतःला सांगत होतो. आमच्यातल्या शिकलेल्यांचं हे आवडतं वाक्य आहे.

मग सर माझ्याकडं वळले. कौतुकानं बघितलं त्यांनी माझ्याकडं.

"परवाची ती शेवटच्या यादीतली बाई. रस आला तिच्या डोळ्यात. दुसरा कोणी असता तर हातपाय गळाले असते. हा मुलगा एका शब्दावर थांबला. पट्टी बांधली, पुढचा घेतला. मला हाच स्वभाव पाहिजे."

शिवी दिली असती तर मी गिळली असती. शिव्या गिळायची सवय होती. पण ज्या गोष्टीची मला दोन दिवस झोप नव्हती, तिच्यासाठी या माणसानं माझी निवड केली होती. त्याला माझ्यात स्वतःचं कोणीतरी दिसलं होतं. आणि त्याला दिसलं ते बरोबर होतं.

मी म्हणालो, "सर, ती बाई माझी काकू आहे. मी त्या शेडातलाच आहे."

पहिले बोलले ते शेठ. "आधी सांगायचं की वो. तुमी तर पैल्या पंगतीत जेवलात!"

माझ्या काकूचा डोळा, माझा अर्ज, सगळं राहिलं बाजूला. त्या माणसाला पंगतीची काळजी पडली होती. मला त्या क्षणी त्याची भीती वाटायची बंद झाली. एवढ्याशा माणसाला मी तीन दिवस भीत होतो!

सर जरा शिकलेले. ते गोड झाले. "हे बघा डॉक्टर, मी जात मानत नाही. शिकायला कोणाचा तरी डोळा लागणारच ना?"

"मग आजची यादी उलटी लावा," मी म्हणालो. "शेडातले आधी, तुमच्या हातानं. खोल्यांतले शेवटी, शिकाऊंच्या हातानं."

"तुम्ही भावनेच्या आहारी चाललात."

"माझा अर्ज द्या."

सचिवांनी अर्ज दोन बोटांनी पुढं सरकवला. सर म्हणाले, "हा परत नेलात तर महाराष्ट्रात पडद्याचं काम कुठं शिकता ते मी बघतो."

मी अर्ज घेऊन बाहेर पडलो. टाळ्या वाजतात त्या इथं. माझं भाषणही इथंच संपतं. पुढचं सांगितलं नाही कधी.

मी शेडात गेलो. सरकीच्या पोत्यांमध्ये सतरंज्या टाकलेल्या. उन्हाच्या तिरिपीत कापसाची तुसं उडत होती, पट्ट्यांवर बसत होती. ऑपरेशन न झालेली अकरा माणसं होती. मी त्यांना सांगितलं, तुमचे डोळे शिकाऊ हातांसाठी ठेवलेत, इथं करून घेऊ नका, माझ्याबरोबर परभणीच्या सरकारी दवाखान्यात चला.

एक म्हातारा म्हणाला, "तितं कोन करनार? तू?"

"मी नाही. तिथले मोठे डॉक्टर."

"कवा?"

सरकारी दवाखान्यात तारीख मिळायला महिने लागायचे. चौघं उठले. सात जण तिथंच राहिले. त्यांना मी मनातल्या मनात लाचार म्हणालो. शिरा खाऊन आलेला मी, त्यांना लाचार म्हणालो.

कौसाकाकू भिंतीला टेकून बसली होती, एका डोळ्याला पट्टी.

"काकू," मी म्हणालो.

"आता वळखू आले व्हय?"

मी खाली बसलो. तिनं विचारलं, "माजा आवाज कळला न्हवता का तुला?"

"कळला होता."

"मंग?"

तिचा दुसरा डोळा माझ्यावर होता. त्यातही मोतीबिंदू, पिकायला आलेला. ती उठली, गाठोडं काखेत घेतलं आणि चौघांच्या मागं चालू लागली. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती मागं जाऊन बसली.

दीड महिन्यानं तिच्या लेकानं तिला माझ्या कॉलेजात आणलं. डोळ्यासमोर काळा पडदा उतरत आलाय म्हणाली. मी तपासलं. आतला पडदा सुटला होता. जखमेत अडकून राहिलेल्या त्या रसानं ओढून तो सोडवला होता. ज्या विकारावर उपचार शिकायला मी निघालो होतो, तोच विकार मी तिला दिला होता.

तो बसवणारा हात आमच्या ओळखीत एकच होता. मुंबईचा, मोठ्या सरांचा. त्यांच्या दवाखान्यात तिला घेऊन जाता आलं असतं. त्यांच्या दारात उभं राहून म्हणता आलं असतं, सर, माझं चुकलं, हिचा डोळा वाचवा. त्यांनी हाकलून दिलं असतं. किंवा नसतंही दिलं. मला माहीत नाही. कारण मी गेलो नाही. माझा स्वाभिमान दीड महिन्याचा होता, नवा कोरा. त्याला मळू द्यायचं नव्हतं मला.

तिच्या लेकाला मी सांगितलं, "आता उपाय नाही."

हे तीन शब्द मला झोपू देत नाहीत. शिबिरातल्या त्या पाच मिनिटांत सर माझ्या मागं उभे होते. या तीन शब्दांच्या वेळी माझ्या मागं कोणी नव्हतं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं परभणीला करून घेतलं. माझ्याकडं आली नाही. त्या एका डोळ्यावर ती पुढं बारा वर्षं जगली. नामांतर झालं तेव्हा वस्तीत मिरवणूक निघाली, मी गाडीवर होतो, ती दाराशी उभी होती. मी जयभीम घातला. तिनं हात जोडले नाहीत. मान वळवली आणि आत गेली.

सरांचा अर्धपुतळा आता त्यांच्या दवाखान्याच्या दारात आहे. तो असू द्या. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण त्याचा तिरस्कार करणं मला फार सोयीचं पडलं. तीस वर्षं त्याच्या पापाच्या आडोशाला मी माझं लपवलं.

पुढच्या महिन्यात बोरीला माझा सत्कार ठेवलाय. समाजातला पहिला नेत्रतज्ज्ञ म्हणून. मी कळवलं आहे की येतो, पण हार-शाल आणू नका आणि कौसाकाकूचा लेक, सुना, नातवंडं सगळ्यांना बोलवा. तिथं मी पहिल्या दिवसापासून सांगणार आहे. "मी ओळखत नाही तुम्हाला" हे माझं वाक्य सांगणार आहे. "आता उपाय नाही" हेही. माफी मागणार नाही. माफी मागितली की समोरच्यावर ती द्यायचं ओझं पडतं, आणि त्या घरावर मी आणखी ओझं टाकणार नाही.

तिचा लेक विचारेल, माझ्या आईला मुंबईला का नेलं नाहीस? मी उत्तर देईन. सगळ्या वस्तीसमोर देईन, आणि त्याचं विचारून संपेपर्यंत तिथून हलणार नाही.