'बाहेर पडा' आणि हिराकाकू

गेल्या आठवड्यात आमच्या वरवंडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हिराकाकूंनी माझी बोलतीच बंद केली...

क्लासच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांसाठी खुली असलेली, फुकटची सिस्टीम आहे. तिचं भाषांतर ठिकठिकाणचे हौशी लोक करतात. कुणीही यावं, शब्द सुचवावा. मराठीतले बरेच शब्द मी घातलेत आणि त्याचा मला कोण तोरा!

काकू येतात त्या लेकासाठी. कारेगावच्या कंपनीतून तो मस्कतला गेला, त्याच्या मेल वाचता याव्यात म्हणून त्या शिकल्या. पण वाचून झालं की कॉम्प्युटर तसाच सोडून उठायच्या. अहो काकू, ते लॉग आउटचं 'बाहेर पडा' दाबा की, असं मी रोज कानीकपाळी ओरडायचे... त्या नुसत्या हसायच्या.

त्या दिवशी मात्र मी चिडलेच. तेव्हा पदर सावरत म्हणाल्या, "मॅडम, आत माझं पोरगं हाय. त्याला बाहेर पड कसं म्हणू?"

तो घरून निघताना काय म्हणाला होता, एवढंच मी विचारलं. "येतो आई, म्हणला," काकू म्हणाल्या. 'जातो' आपल्याकडे कोण म्हणतं? पण गेल्या दिवाळीलाही त्याला रजा मिळाली नव्हती...

मी लगेच भाषांतरवाल्यांच्या ग्रुपवर 'बाहेर पडा'साठी नवा शब्द टाकला, 'येतो आम्ही'. झालं, जाणकारांनी कीस पाडला. सॉफ्टवेअरमध्ये असले घरगुती शब्द शोभत नाहीत म्हणे. क्लासमधल्या बायका माझ्या खुर्चीमागं उभं राहून एकेक मुद्दा सांगत होत्या, मी टाइप करत होते. तरी शब्द नापासच झाला. फार वाईट वाटलं हो.

आणि मग ग्रुपमधल्याच नागपूरच्या एका मुलाची मेल आली. त्याला मी कधी पाहिलंही नाही. ताई, सिस्टीम खुली आहे, तुमच्या क्लासपुरता शब्द तुम्हीच बदला, असं म्हणून कसा बदलायचा तेही त्यानं सविस्तर लिहिलं होतं.

आज बदलला. काकूंनी लेकाची मेल वाचली, माउस हळूहळू 'येतो आम्ही'वर नेला आणि बटण दाबलं. स्क्रीन कोरी झाली तरी त्या उठेनात. मग काचेला हात लावून म्हणाल्या, "ये रं बाळा. लवकर ये."

त्या नागपूरच्या मुलाला आभाराची मेल लिहायला बसलेय... तुझ्यामुळं आज एका आईला लेकाचा नीट निरोप घेता आला, हे त्याला कळायलाच हवं.