परक्या कुळाची कानबाई

माझी नात जयू हिने शनिवारपासून तोंडात घास घातला नव्हता. ताट समोर यायचं, ती भाकरीचा तुकडा मोडायची, बोटात फिरवायची आणि परत ठेवून द्यायची. सोमवारी तिची परीक्षा होती. ती रेल्वेत इंजिन चालवायचं शिकते आहे, नंदुरबारला खोली करून राहते, तेव्हा सुट्टीला घरी आली होती. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. चुकलंमाकलं असेल तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, नाही घेतलं तरी माझं काही अडत नाही. पण त्या सोमवारी जे झालं ते मी मरायच्या आधी कागदावर उतरवायचं ठरवलं आहे.

परीक्षा कसली, ते तिने मला आधी समजावून सांगितलं होतं. इंजिनात दोघं बसतात. सिग्नल दिसला की एकाने हात पुढे करून त्याचा रंग मोठ्याने बोलायचा आणि दुसऱ्याने तोच रंग मोठ्याने परत बोलायचा. दोघांनी बोलल्याशिवाय सिग्नल पाहिला असं धरतच नाहीत. जयूला सगळं येत होतं. पण मागच्या खेपेला परीक्षा घेणारे साहेब पाठीशी येऊन उभे राहिले, समोर पिवळा दिसला, हिने हात केला आणि घशातून आवाजच निघाला नाही. पुढच्या सिग्नललाही तेच. नापास झाली. आता ही दुसरी आणि शेवटची संधी. यातही गळा बसला तर तिला इंजिनावरून उतरवून दुसरं कसलंतरी काम देणार होते. लहानपणापासून तिला इंजिनाशिवाय दुसरं काही दिसलं नाही, हे मला ठाऊक होतं. आई-बाप नसलेल्या पोरीचं मन तिच्या आजाला ठाऊक नसणार तर कोणाला?

त्यात तो सोमवार कानबाईचा निघाला. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघर कानबाई बसवतात. नारळाला नथ-डोळे लावून चौरंगावर मांडायची, भाऊबंदांनी मिळून रात्र जागवायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. भाऊबंदांत मी सगळ्यांत वडील. माझ्याशिवाय आमची कानबाई कधी दाराबाहेर पडली नव्हती. पण त्या सकाळी जयू बॅग उचलून एकटीच दाराकडे निघाली. मी पायात वहाणा घातल्या.

पुतण्या अंगणातच उभा होता. तो म्हणाला, "आबा, कानबाईपेक्षा तुन्ही रेल्वे मोठी व्हयनी का?"

मी म्हणालो, "कानबाईले तुम्ही एवढा जण शेतस. मन्ही नात एकली शे."

बोललो खरा, पण काळजात बोचलं. जागरणाने डोळे जळत होते, गुडघे लाकडासारखे झाले होते. भाड्याच्या जीपमध्ये बसल्यावर मागून डफाचा आवाज ऐकू येत राहिला तोवर मी मागे वळून पाहिलं नाही. देवीचा कोप होईल आणि पोरगी त्यातच नापास होईल, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन इतकं दमलं होतं की त्याला काहीच वाटत नव्हतं.

मोठ्या रस्त्याला मिरवणुकांची गर्दी असणार म्हणून मी जीपवाल्याला केळीच्या मळ्यांमधल्या कच्च्या वाटेने घ्यायला लावलं. माझीच अक्कल. त्या वाटेवर एकच मिरवणूक होती आणि ती बरोबर आमच्या पुढ्यात अडली होती. मिरवणूक तरी कसली, एका घरची माणसं. एक ढोलवाला, पाच-सात बाया आणि पुढे एक म्हातारी, माझ्याच वयाची. तिची पोरं सुरतेला कामाला. घरची सून डोक्यावर कानबाई घेऊन निघाली होती आणि चिखलात तिचा पाय मुरगळला होता. ती बांधाला टेकून बसली होती, पण दोन्ही हातांनी चौरंग डोक्यावर धरून. कानबाई घरातून उचलली की नदीपर्यंत खाली टेकवत नाहीत, आणि जिचं पोट रिकामं असेल तिनेच ती डोक्यावर घ्यायची. बाकीच्या बाया सकाळीच चहा-टोस खाऊन निघालेल्या. म्हातारीची स्वतःची मान धरलेली. सगळ्या एकमेकींची तोंडं बघत होत्या.

म्हातारी जीपच्या खिडकीशी आली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जयूला म्हणाली, "माय, काही खायेल शे का तू?"

जयूने मान हलवली. नाही.

मी मध्ये पडलो. "ओ बाई, पोरीनी परीक्षा शे. आनि आम्हनं कूळ येगळं. आम्हनी कानबाई घर शे, दुसरानी आम्ही उचलतस नही."

"कानबाईनी तुले कूळ विचारं का?" म्हातारी म्हणाली. "पोट रिकामं शे का, तितलंच मी विचारी ऱ्हायनू. तू बस ना गाडीमा निवांत."

माझ्याशी असं कोणी बोलत नाही. मी खाली उतरलो, चांगला तावातावाने उतरलो. उशीर होईल, साहेब थांबायचे नाहीत, पोरीची नोकरी जाईल, सगळं सांगितलं. म्हातारी ऐकून घ्यायची आणि परत जयूकडे बघायची. बांधावरच्या सुनेचे दंड कापत होते. चौरंग एका बाजूला कलला तशी जयू खाली उतरली. "आबा, मी लेस," एवढंच म्हणाली, तेही मला जेमतेम ऐकू आलं. तिने चपला काढल्या, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली आणि ती परक्या कुळाची कानबाई डोक्यावर उचलली.

डोक्यावर चौरंग असला की बाईला पायाखालचं दिसत नाही. मान वाकवता येत नाही. म्हणून आमच्याकडे एक बाई पुढे चालत वाट सांगत जाते, आणि डोक्यावर घेणारीने ते परत बोलायचं असतं, म्हणजे ऐकू गेलं हे पुढचीला कळतं. मी हे जन्मभर पाहत आलो होतो, पण त्या दिवसापर्यंत त्याकडे माझं लक्ष नव्हतं.

म्हातारी पुढे झाली. "खड्डा शे," म्हणाली. जयू गप्प. म्हातारी जागेवर थांबली, तशी सगळी मिरवणूक थांबली.

"ओ माय! बोल ना परत. तू बोलनी नही ते माले कसं समजी?"

"खड्डा शे," जयू पुटपुटली.

"जोरमा बोल व! ढोल वाजी ऱ्हायना, मन्हा कान काय नवा शेतस का?"

बाया हसल्या. जयूचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही रडेल. पण हात वर गुंतलेले, डोळे पुसायचीसुद्धा सोय नाही. म्हातारी ओरडली, "पानी शे!" आणि जयू ओरडली, "पानी शे!" म्हातारीने "दगड, डावं अंग" म्हटलं, जयूने "दगड, डावं अंग" म्हटलं. मी मागून चिखल तुडवत येत होतो. मागून जीपवाला हॉर्न वाजवत हळूहळू येत होता, त्याला मी हातानेच गप्प केलं. पुढे नातीचा आवाज केळीच्या रानातून जात होता. इतका मोठा आवाज त्या पोरीच्या अंगात असेल हे मला माहीत नव्हतं. नदी आली तेव्हा तिचा घसा बसला नव्हता, उलट सुटला होता. बायांनी कानबाई उतरवून घेतली. म्हातारीने तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि आम्हाला अक्षरशः हाकललं, "जाय माय, तुन्हं काम कर."

जीपमध्ये बसल्यावर जयू म्हणाली, "आबा, भूक लागनी." जीपवाल्याकडे केळी होती. तिने चार खाल्ली. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण डोळ्यांचं मला काही खरं वाटत नव्हतं.

आम्ही नंदुरबार स्टेशनवर पोचलो तेव्हा साहेब नुकतेच येत होते. ती साहेबांसोबत मालगाडीच्या इंजिनावर चढली आणि गाडी गेली. मी फलाटावरच्या बाकड्यावर बसलो. देवाकडे मागायची मला सवय नाही. आजवर माझं मी केलं, असंच मी म्हणत आलो. त्या दुपारी हात जोडले आणि काय म्हणावं सुचेना. ती पास होऊ दे, हेसुद्धा म्हणवेना, इतका थकवा आला होता. शेवटी म्हणालो, "माय, मन्हाकडून आते काही व्हत नही. तू देख." तेवढं म्हटलं आणि मला बसल्या जागी झोप लागली. कित्येक दिवसांत तशी लागली नव्हती.

संध्याकाळच्या पॅसेंजरने ती परत आली आणि माझा खांदा हलवून तिने मला उठवलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आबा, पास. पन साहेब म्हने, बेटी, जरा हळू बोल, मी बाजूलेच उभा शे." आणि अशी हसली की फलाटावरची माणसं बघायला लागली.

पुढच्या आठवड्यात मी नारळ आणि लुगडं घेऊन ते गाव शोधत गेलो. वाटलं होतं, म्हातारी सापडायची नाही. गोष्टींमध्ये अशी माणसं सापडत नाहीत. पण ती सापडली, ओसरीवर लसूण सोलत बसली होती. सुनेचा पाय बरा झाला होता. मला पाहताच म्हणाली, "ये, वाद घालनारा ये." मी म्हणालो, बाई, त्या दिवशी तुमच्या रूपाने कानबाई माझ्या नातीसाठी रस्त्यात उभी राहिली. म्हातारी लसूण सोलायची थांबली.

"काय सांगस? अरे, आम्ही ते गावभर सांगी ऱ्हायनूत, कानबाईनी तिन्हासाठे जीपमा पोर धाडी म्हनीसन. कोनी वळखीनं नही, पाळखीनं नही, उपाशी पोटनी पोर आठे कथाईन उनी?"

पोर कुठून आली, ते ती मलाच विचारत होती. मी आईबापांशिवाय कोणाच्या पायाला हात लावलेला नव्हता. त्या ओसरीवर मी वाकलो, आणि त्याच वेळी ती माझ्या पायांकडे वाकली. दोघांची डोकी आपटता आपटता राहिली. मान धरलेली ती आणि गुडघे गेलेला मी, दोघांनाही लवकर सरळ होता येईना. सून धावत आली, तिने एका हाताने सासूला आणि एका हाताने मला धरून उठवलं. मला एकट्याने उठता आलंच नसतं. मी सुनेला मला उठवू दिलं.